शून्यमास्तरांचं वजन

माझ्या भावाला सगळे शून्यमास्तर म्हणतात. तो मास्तर-बिस्तर काही नाही. स्वतः दहावीला दोनदा बसलाय. तो भुईकाट्यावर काम करतो. भरलेला ट्रकच्या ट्रक ज्याच्यावर चढवून तोलतात तो भुईकाटा, आणि त्याच्या कडेला काचेच्या खिडकीची जी पत्र्याची केबिन असते, तिच्यात तो सत्तावीस वर्षं बसलाय. ट्रक काट्यावर चढायच्या आधी तो ड्रायव्हरला खाली उतरवतो, खिडकीशी बोलावतो आणि आकड्यावर बोट ठेवून म्हणतो, "शून्य बघ." ड्रायव्हर "बघितलं" म्हणेपर्यंत पुढचं काम नाही. मागे वीस ट्रक भोंगे वाजवोत नाहीतर ड्रायव्हर आईबहिणीवरून शिव्या देवो, हा बाबा शून्य दाखवल्याशिवाय वजन करायचा नाही. मग उठून ट्रकभोवती एक फेरी मारणार, मागचं चाक काट्याच्या बाहेर तर नाही ना ते बघणार, आणि तेव्हा कुठे पावती. एकदा सख्ख्या साडूचा ट्रक चाक बाहेर म्हणून तीनदा मागेपुढे करायला लावला. साडू अजून बोलत नाही.

हे आधी सांगते, कारण पुढचं सांगताना मला अजून शिसारी येते. ज्याची येते तो माणूस लबाड म्हणून कुणाला माहीत नव्हता, हे आधी कळलेलं बरं.

माझं म्हणाल तर मी शिंपीण. शाळांचे, दवाखान्यांचे, कारखान्यांचे गणवेश शिवते. पुढे दुकान, मागे राहायची खोली, मधे एक पडदा. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, मूलबाळ नाही. तीन वर्षांपूर्वी माझ्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या. तेव्हापासून आठवड्यातून तीन वेळा चार-चार तास खुर्चीत पडायचं आणि अंगातलं रक्त मशीनमधून फिरवून घ्यायचं. मशीनवर जायच्या आधी वजन, उतरल्यावर वजन. दोन्हीतला फरक म्हणजे अंगात तुंबलेलं पाणी. दिवसाला पाऊण लिटर पाणी प्यायची परवानगी, त्यातच चहा, त्यातच गोळ्या. तोंडाला सदा गंज चाटल्यासारखी चव. कुठे नळ गळताना दिसला की मला रडू यायचं. असल्या बाईला कुणी "पॉझिटिव्ह राहा" म्हणालं आणि तिने कात्री फेकून मारली, तर तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

डॉक्टर म्हणाले, घरातल्या कुणाची किडनी जुळते का बघा. त्या दिवशी हॉस्पिटलच्या खोलीत आम्ही अकराजण होतो. मावशी, मामेभाऊ, त्यांच्या बायका, चुलते. कुणाला साखर निघाली, कुणाला रक्तदाब, कुणाला नेमकी त्याच मिनिटाला पाठदुखी आठवली. सगळे फरशीवरची नक्षी बघत उभे. मग मावशी म्हणाली, "अगं, शून्यमास्तर आहे की! सख्खा भाऊ आहे."

दादा म्हणाला, "आहे ना मी."

झालं! मावशीने त्याला मिठी मारली. मामेभाऊ म्हणाला, "आज देव बघितला बाबा." ज्याची मान सगळ्यात आधी सुटली तोच सगळ्यात मोठ्याने बोलला. मीही रडले. "दादा, तुला द्यायचीय का?" असं मी त्याला विचारलं नाही. विचारायची वेळच आली नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

सगळे रिपोर्ट जुळले, एक वजन सोडून. दादा एकशे नऊ किलो. डॉक्टर म्हणाले, "पंचाण्णवच्या खाली या आणि तिथे सहा महिने टिकवा. मग ऑपरेशनची तारीख देतो. उतरवतात हो सगळे, टिकवत कुणी नाही."

हॉस्पिटलात दात्यांचं आणि पेशंटचं बघणाऱ्या एक बाई आहेत, त्यांना आम्ही मॅडम म्हणतो. त्यांनी दादाला एक काचेचा वजनकाटा दिला, मनगटाला एक पट्टा दिला आणि त्याच्या फोनमध्ये एक अ‍ॅप घालून दिलं. काट्यावर उभं राहिलं की आकडा आपोआप फोनमध्ये आणि तिथून हॉस्पिटलात. पट्टा पावलं मोजणार. खाल्लेलं लिहायचं, झोप लिहायची. आणि अ‍ॅपमध्ये 'साथीदार' म्हणून घरातल्या एकाचं नाव घालायचं, म्हणजे त्यालाही सगळं दिसतं. दादाने माझं नाव घातलं.

तेव्हापासून रोज सकाळी साडेसहाला दादा काट्यावर उभा राहायचा आणि सहा एकतीसला माझा फोन वाजायचा. शी, काय ते दिवस! तोंड धुवायच्या आधी मी भावाच्या अंगावरचं मांस मोजत बसायचे. दोनशे ग्रॅम गेलं की दिवस चांगला, शंभर वाढलं की गिऱ्हाइकावर खेकसणार. खाटीकसुद्धा बोकडाकडे इतक्या नेमाने बघत नसेल. वर ते अ‍ॅप लाडात यायचं. "वा! तुमच्या प्रियजनाने आज दोनशे ग्रॅम कमी केले! त्यांना एक हृदय पाठवा!" खाली लालभडक हृदय. मला हृदय काय करायचंय, मला किडनी हवी होती. तरी पाठवायचे.

अ‍ॅपमध्ये कोच म्हणून एका हसऱ्या बाईचा फोटो होता. बाई कसली, मशीनच ते. पण दादा तिला लिहायचा, "मॅडम, आज जेवायला उशीर झाला, माफ करा." दाताखाली आलेली साखरसुद्धा लिहायचा. चालायला वेळ नाही म्हणून ट्रकभोवती एकाच्या जागी तीन फेऱ्या मारायला लागला. ड्रायव्हर लोक वैतागले. त्यांना वाटलं, हा आता टायरमधली हवापण मोजणार.

वजन उतरत गेलं. एकशे सहा, एकशे तीन, शंभर. आठव्या महिन्यात ९८.६. त्याच्या पँटी जन्मभर मीच शिवलेल्या, त्यामुळे कमर मीच कमी करून दिली. चव्वेचाळीसची चाळीस केली आणि आत नेहमीसारखी दोन इंच माया, म्हणजे वाढीव कापड, ठेवली. मापांच्या वहीत तारीख घालून लिहिलं: दादा, कंबर ४०. त्या दिवशी पाऊण लिटरच्या वर अर्धा कप चहा जास्त प्यायले, काय व्हायचं ते होवो म्हणून.

आणि मग आकडा उलटा फिरला.

९९.२. शंभर. १००.८. आधी वाटलं, होतं असं. कोचबाई म्हणाल्या, "वजन कधीकधी थबकतं. हार मानू नका!" पण ते थबकलं कुठे, ते जिना चढत होतं. दोन महिने एकशे एक ते एकशे दोनच्या मधे अडकून बसलं. पट्टा सांगत होता की दादा रोज नऊ हजार पावलं चालतोय. लिहिलेलं जेवण पाखराएवढं. मग हे येतं कुठून?

हॉस्पिटलच्या मॅडम पहिल्या दिवसापासून मला सांगत होत्या, "तुमचं नाव प्रतीक्षायादीतही घालून ठेवा. हा एक फॉर्म भरायचाय." मी तो फॉर्म घरी आणून शिलाई मशीनच्या खणात टाकला होता. अहो, सख्खा भाऊ उभा असताना मी कशाला परक्यांच्या रांगेत जाऊन उभी राहू? असं मी तोंडावर म्हणाले होते मॅडमना. ठसक्यात!

आता दोष कुणाला द्यायचा? दादाला देववत नव्हता. देव होता ना तो. मग राहिल्या वहिनी. वहिनी बेकरीत पॅकिंगला आहेत. पहाटे पाचला घर सोडतात, दुपारी दोनला येतात. केक, बिस्किटं, पाव, अख्खा दिवस हात त्यातच. नातेवाइकांच्या ग्रुपवर एकाने टाकलं, "बायको बेकरीत, मग नवरा फुगणारच." खाली बारा जणांचे हसरे चेहरे. त्यात माझाही होता. होता, लपवून काय करू?

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण पुढच्या तपासणीला हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये, वीस माणसांसमोर, मी वहिनींना म्हणाले, "वहिनी, तुमच्या हाताने माझी किडनी चाललीय. नवऱ्याला खाऊ घाला हो, घाला! माझ्या तेराव्याला पण तुमच्याच बेकरीतून मागवा."

वहिनी म्हणाल्या, "ताई, देवाशपथ, मी घरात बिस्किटाचा तुकडा आणत नाही हो."

दादा दोन हातांच्या अंतरावर उभा होता. मूग गिळून नोटीसबोर्ड वाचत होता. हात धुवायच्या सात पायऱ्या लिहिल्या होत्या तिथे. सातच्या सात वाचल्या असतील त्याने.

त्यानंतर पंधरा दिवसांनी वहिनी दुकानात आल्या. मी ओशाळले होते, पण सॉरी म्हणायला जीभ वळत नव्हती. त्यांनी पिशवीतून दादाच्या दोन पँटी काढल्या.

"कमरेत घेऊन द्याल का? घसरतात. पट्ट्याला खिळ्याने नवीन भोक पाडलंय त्यांनी, तरी दुमडून घालतात. बरं दिसत नाही."

मी पँट हातात घेतली. आत माझी टीप, माझी माया. मीच चाळीसची केलेली पँट. वहिनींनी जिथे टाचणी लावून आणली होती तिथे टेप धरली: अडतीस. दुसरी पँट: अडतीस. मी वही काढली. ९८.६ किलोला कंबर चाळीस. मग आज सकाळी सहा एकतीसला जो माणूस १०१.७ होता त्याची कंबर अडतीस कशी?

"वहिनी, तो जेवतो का नीट?"

"कुठलं हो? अर्ध्यावर उठतात. मला वाटलं अ‍ॅपवाल्यांनी सांगितलंय." मग दबकत म्हणाल्या, "तरी वजन वाढतंच. माझंच कुठेतरी चुकत असेल."

तीस वर्षं टेप गळ्यात घालून फिरतेय. माणूस पोट आत ओढतो, श्वास धरतो, चोरून टाचा उचलतो, पण अंगावरून उतरलेली पँट काही खोटं बोलत नाही. दादाने काट्याचं बघितलं, फोनचं बघितलं; पँटी बहिणीकडेच जाणार हे त्याच्या डोक्यात आलं नाही. येणार कसं? जन्मात दुसरा शिंपी केला नाही त्याने.

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला मी त्यांच्या घरी गेले. घर आईवडिलांचं, जुनी किल्ली माझ्याकडे होतीच. वहिनी कामावर गेलेल्या. मी दार हळूच उघडलं. बाथरूमच्या बाहेरच्या बोळकंडीत दिवा लागलेला होता आणि दादाचा आवाज आला, "शून्य."

कुणी नव्हतं तिथे. त्या रिकाम्या बोळात तो सवयीने स्वतःलाच शून्य दाखवत होता.

मी पुढे झाले. दादा बनियन आणि लेंग्यात काचेच्या काट्यावर उभा. उजव्या हातात पाच किलोचं वजन, डाव्या हातात दोनचं. जुन्या तराजूची, काळी, कडीची लोखंडी वजनं. बाजारातून पिशव्या घेऊन आल्यासारखा सरळ समोर बघत उभा होता. पायाशी आकडा लुकलुकला आणि ठरला: १०१.६. माझ्या पिशवीत फोन वाजला.

त्याने वळून बघितलं. "तू? एवढ्या सकाळी?"

"दादा, हे काय आहे?"

तो खाली उतरला. वजनं एकेक करून भिंतीशी ठेवली, आवाज न करता. आणि मग जे बोलला ते ऐका.

"काटा मी खोटा केला नाही गं. खाली काही घातलं नाही, भिंतीला धरलं नाही. वजनंही तपासून आणलेली आहेत, बरोबर सात किलो भरतात. जेवढं होतं तेवढंच दाखवलं त्याने."

मला खरोखरची ओकारी आली. मी बेसिनवर वाकले, पण पोटात पाणी असेल तर पडेल ना! नुसतेच उमासे. मागून हा माणूस म्हणतो, "पाणी देऊ?" पाणी देऊ म्हणे! मला!

"कधीपासून चाललंय?"

"तो व्हिडिओ आला तेव्हापासून." तो बाथरूमच्या उंबऱ्यावर बसला. "अठ्ठ्याण्णव झाल्यावर अ‍ॅपने नवीन धडा उघडला. ऑपरेशनची तयारी. मी केबिनमध्ये डबा खायला बसलो होतो. एक बाई हसत हसत दाखवत होती, कुठे कापतात, किती बोटं लांब कापतात. मी डबा बंद केला. तेव्हापासून घास उतरत नाही. भीतीने वजन आणखी जायला लागलं. मग आधी दोनचं धरलं. मग पाचचं. मग दोन्ही."

"मग नाही म्हणायचं होतंस! ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस?"

"कसं म्हणणार? सगळ्यांनी देव करून ठेवलंय. नाही म्हटलं की काय म्हणतील? वजन उतरलं नाही म्हटलं की कुणी काही बोलत नाही. बिचाऱ्याने प्रयत्न केला म्हणतात."

"आणि वहिनींना बोल बसतात ते?"

तो पायाचा अंगठा फरशीवर घासत बसला. एक्कावन्न वर्षांचा घोडा!

मी म्हणाले, "तुला कापायचा विचार डॉक्टरांनी उगाच केला. आत काय आहे तुझ्या कापायला?" आणि निघून आले. रस्त्यात फोन बघितला. कोचबाई म्हणत होत्या, "काळजी करू नका! उद्या नवा दिवस!"

उद्या खरंच नवा दिवस निघाला. सहा एकतीसला आकडा आला ९४.६. स्क्रीनवर रंगीत कागदाचे तुकडे उडाले, "अभिनंदन! ध्येय गाठलंत!" एका रात्रीत सात किलो गेले, पण त्या हसऱ्या बाईला काही वावगं वाटलं नाही. वहिनींचा बेकरीतून रडत फोन, "ताई, उतरलं हो!" ग्रुपवर मावशीने हात जोडले. मामेभावाला परत देव दिसला.

आणि मला? मला आनंद झाला. हेच सांगायला मी इतका वेळ घेतेय. मला कळत होतं की हा पकडला गेला म्हणून वजनं खाली ठेवून उभा राहिलाय, याला नकोय, याच्या घशाखाली घास उतरत नाही. आणि तरी मी खाटेवर बसून बोटांवर सहा महिने मोजले. कुठल्या महिन्यात पोटभर पाणी प्यायचं तेही ठरवलं. मोठा तांब्या, कडेपर्यंत भरलेला. चांगली दहा मिनिटं मी खूश होते.

मग भिंतीवरच्या आरशात स्वतःचं तोंड दिसलं. त्याच्याकडे बघून आली होती त्याच्या दुप्पट शिसारी मला माझी आली.

त्या दिवशी मशीनची पाळी नव्हती. मी दुकान बंद ठेवलं आणि भुईकाट्यावर गेले. धूळ, डिझेलचा वास, ट्रकांची ही लांब रांग. दादा एका ड्रायव्हरला शून्य दाखवत होता. तो ट्रक तोलून पुढे गेला, काटा रिकामा झाला, तशी मी पुढच्या ड्रायव्हरला हाताने थांबवलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले.

"दादा, शून्य दाखव."

"काय?"

"काटा रिकामा आहे ना? मग दाखव."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग आकड्यावर बोट ठेवलं आणि सवयीने म्हणाला, "शून्य बघ."

"बघितलं. आता ऐक. आत्ता इथे मावशी नाही. मामेभाऊ नाही. वर गेलेली आई बघत नाहीये. काल सकाळी मी तुझ्या घरी आले नव्हते. तू दिली नाहीस तर मी मरेन असं कुणी म्हणत नाहीये. काट्यावर काही नाही. तुला किडनी द्यायचीय?"

मागच्या ट्रकने भोंगा वाजवला. मग त्याच्या मागच्याने. दादा शून्याकडे बघत राहिला. सत्तावीस वर्षांत त्याने ट्रक असा उगाच खोळंबून ठेवला नसेल. त्याचं बोट काचेवर तसंच होतं.

"नाही," तो म्हणाला.

मला वाटलं होतं, खरं ऐकलं की बरं वाटेल. डोंबलाचं बरं! खिडकीची चौकट धरून उभी राहिले. हे एवढं दोन अक्षरी बोलायला याने अकरा महिने घेतले, आणि हे एवढं विचारायला मीही अकरा महिनेच घेतले.

"जगाला मी सांगेन, वजन टिकत नाही म्हणून डॉक्टर नको म्हणाले," मी म्हणाले. "पण वहिनींना तू सांगायचं. आज घरी गेल्या गेल्या."

"तिला नको गं. तिच्या नजरेतून उतरेन मी."

"तिलाच. नाहीतर मी ग्रुपवर टाकते."

त्याने सांगितलं. वहिनी दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात आल्या. मी उठून हात जोडले, कॉरिडॉरमध्ये जे बोलले त्याची माफी मागितली. त्या स्टुलावर बसल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही दोघं भाऊ-बहीण एकाच मापाचे आहात. त्यांना तोंड उघडता आलं नाही, तुम्हाला मिटता आलं नाही. मधे मी." आणि चहाला थांबल्या नाहीत. माप बरोबर होतं.

हॉस्पिटलच्या मॅडमना मी सगळं सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. "प्रत्येक दात्याला आम्ही एकटं बसवून विचारतो," त्या म्हणाल्या. "नको असेल तर तसं सांगा, घरच्यांना आम्ही फक्त 'वैद्यकीय कारण' एवढंच कळवतो, असंही सांगतो. तुमच्या भावाला तीनदा सांगितलं. तीनही वेळा ते 'देतो' म्हणाले." म्हणजे दार उघडं होतं, आणि हा पठ्ठ्या त्या उघड्या दारापाशी लोखंड उचलून उभा राहिला. मॅडमसुद्धा काय म्हणतील, याची लाज!

मग मी मशीनच्या खणातला फॉर्म काढून त्यांच्यापुढे ठेवला. घडीवर तेलाचा डाग पडला होता.

"हा तेव्हाच दिला असता तर मी आज कितवी असते?"

मॅडमनी नवा कोरा फॉर्म दिला आणि पेनाचं टोपण काढून पेन माझ्या हातात ठेवलं.

त्याला आता सव्वा वर्ष झालं. रांगेत मी कुठेतरी मागे आहे. आठवड्यातून तीन वेळा चार नंबरच्या खुर्चीत पडते. वजन, मशीन, वजन. दादा अधूनमधून न्यायला येतो. आम्ही बोलतो, ट्रकांचं, गणवेशांचं. वहिनी त्याच्याशी कामापुरतं बोलतात. त्याला जेवण जातं आता. पण ते वजन? ते काही वाढलं नाही. ९४.२, ९४.५, ९३.९. का टिकवतोय, कुणासाठी, मी विचारलं नाही. साथीदार म्हणून माझं नाव कुणी काढलेलं नाही, मीही नाही. सहा एकतीसला फोन वाजतो आणि मला हवा होता तो आकडा रोज सकाळी येऊन पडतो.

गेल्या महिन्यात मशीनच्या हॉलमध्ये, माझ्या खुर्चीच्या अगदी समोर, एक मोठं पोस्टर लागलं. अ‍ॅपवाल्यांनी वर्षभर वजन टिकवणाऱ्यांतून एकाला निवडलं होतं. हसरा चेहरा, हात कमरेवर, खाली ठळक अक्षरं: "मी टिकवलं, तुम्हीही टिकवू शकता!" दादा. फोटोवाल्यालाही नाही म्हणता आलं नसेल त्याला.

पाच नंबरच्या खुर्चीतल्या नव्या आजीबाई म्हणाल्या, "काय माणूस आहे बघा! चौदा किलो. जिद्द लागते हो."

नर्सने सुई टोचता टोचता सांगितलं, "आजी, ह्यांचेच भाऊ आहेत ते."

"अगं बाई! नशीबवान आहेस गं."

"हो," मी म्हणाले.

चार तास दुसरीकडे बघायला जागा नसते. चेहऱ्याकडे बघवत नाही म्हणून मी खाली बघते. पोस्टरमधली पँट मी शिवलेली आहे. वहिनींनी आणून दिलेल्या दोनांतली एक. गिऱ्हाइकाचं काम मी अडवून ठेवत नाही, त्याच आठवड्यात करून दिली होती. कंबर अडतीस. छान बसलीय.